मिथेनचा साठा की निक्षेप?

समुद्रतळाखालील मिथेन हायड्रेटला मराठीत 'साठा' म्हणावे की 'निक्षेप', असा सोलापूरच्या एका भूगोल शिक्षिकेचा प्रश्न आहे. माझ्या मते दोन्ही शब्द हवेत, मात्र त्यांचे अर्थ वेगळे राखले पाहिजेत.

मिथेन हायड्रेट म्हणजे पाण्याच्या रेणूंच्या बर्फासारख्या पिंजऱ्यात अडकलेला मिथेन. थंडी आणि प्रचंड दाब असेल तोवरच हा पिंजरा टिकतो. तो मोडला की एक घनमीटर हायड्रेटमधून सुमारे १६४ घनमीटर वायू मोकळा होतो. कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या सागरी भागात २००६ साली भारताच्या मोहिमेला हे हायड्रेट आढळले. जपानने २०१३ साली नानकाई येथे समुद्रतळाखालून वायू काढूनही दाखवला, परंतु विहिरीत वाळू शिरल्याने ती चाचणी काही दिवसांतच थांबवावी लागली. आढळणे आणि हाती येणे यांत एवढे अंतर असताना बातमीत सरसकट 'साठा' लिहिल्यास वाचकाची दिशाभूल होते.

सोलापूरकरांना हा भेद नव्याने सांगावा लागत नाही. उजनीच्या सुमारे ११७ टीएमसी पाण्यापैकी निम्म्याहून अधिक 'मृत साठा' असतो, आणि धरणाची टक्केवारी मोजली जाते ती उरलेल्या 'उपयुक्त साठ्या'वर. त्याच न्यायाने, निसर्गात जे साचले आहे ते सगळे 'निक्षेप' आणि त्यातून आजच्या तंत्राने, परवडणाऱ्या खर्चात काढता येईल तेवढाच 'साठा', असा संकेत पाळावा.

उरलेल्या मिथेनला मात्र 'मृत' हे विशेषण मुळीच लावू नये. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत, वजनास वजन धरून, शंभर वर्षांच्या हिशेबाने सुमारे २८ पट आणि वीस वर्षांच्या हिशेबाने ८० पटींच्या आसपास तापवणारा आहे. शिवाय समुद्राचे पाणी तापत गेले तर उथळ भागातील निक्षेप अस्थिर होऊ शकतात. अर्थात खोल समुद्रात सुटलेला बराचसा मिथेन सूक्ष्मजीव पाण्यातच संपवतात, म्हणून 'मिथेन बॉम्ब' हा शब्दप्रयोगही मला भडक वाटतो. 'मिथेनगळती' पुरेसा आहे.

'जळणारा बर्फ' हे वर्णन वर्गात जरूर वापरावे. व्याख्येत नको, कारण प्रत्यक्षात जळतो तो मिथेन, बर्फाचे केवळ पाणी होते.