हैतीच्या खेड्यांत देणगीवर चालणाऱ्या शेती प्रकल्पांतून खरंच रोजगार मिळतो का?

मिळतो, पण फुकट धान्य वाटून नाही. त्याने गावातला शेतकरीच बुडतो; स्वस्त परदेशी धान्यानेही तेच होतं. १९९५ मध्ये आयात तांदळावरचं शुल्क ३ टक्क्यांवर आलं, स्वस्त अमेरिकन तांदूळ येऊन पडला आणि आर्तिबोनित खोऱ्यातल्या भात उत्पादकांचं कंबरडं मोडलं. शुल्क उतरलं तेव्हा अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष असलेल्या बिल क्लिंटन यांनी २०१० मध्ये त्याबद्दल जाहीर माफी मागितली.

मला पटलेलं काम गोनाइव्ह भागातल्या 'स्मॉलहोल्डर फार्मर्स अलायन्स' या संस्थेचं. शेतकरी गावच्या रोपवाटिकेत राबतात, पिशव्या भरतात, रोपं जगवतात, झाडं लावतात. या श्रमाच्या बदल्यात त्यांना चांगलं बियाणं, अवजारं आणि प्रशिक्षण मिळतं. म्हणजे मदत हातावर ठेवली जात नाही, ती कमावली जाते. आपल्या इर्जिकीसारखी 'कोनबीट' ही एकमेकांच्या शेतात राबायची पद्धत तिथे आधीपासून आहेच, त्यामुळे हे लोकांना परकं वाटत नाही. सुरुवातीचा पैसा बूट-कपडे बनवणाऱ्या टिंबरलँड कंपनीने दिला आणि पाच वर्षांत ५० लाख झाडं लागली.

दुसरी बाजू खरेदीची. मध्य पठारावर 'झान्मी अग्रिकोल' ही संस्था स्थानिक शेतकऱ्यांच्या भुईमुगापासून कुपोषित मुलांसाठी 'नुरिमान्बा' हा पोषक आहार बनवते. घेणारा ठरलेला असला की शेतकरी बिनधास्त पेरतो, कारखान्यातही गावातल्या माणसांना काम मिळतं.

देणगी देणार असाल तर संस्थेला आधी एवढंच विचारा: माल कोण घेणार आणि बाजारापर्यंत जाणार कसा? सशस्त्र टोळ्यांनी रस्ते अडवल्यामुळे सध्या तिथे हाच प्रश्न सगळ्यांत बिकट आहे.