भाषांतर झालं म्हणजे साइट झाली नाही
दुसऱ्या देशासाठी साइट करताना मजकूर भाषांतरित केला की काम संपलं, असं समजू नकोस. अरबी, हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात. तिथे मेनू, मागे-पुढे जाण्याचे बाण सगळं उलटतं, पण व्हिडिओचं प्ले बटण मात्र तसंच राहतं. म्हणून सीएसएसमध्ये, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडमध्ये, ‘लेफ्ट-राइट’ऐवजी ‘स्टार्ट-एंड’ची (ओळ सुरू होते ती बाजू आणि संपते ती बाजू) सवय आत्ताच लाव, नंतर बदलणं फार जड जातं. रंगही तपास: चीनमध्ये शेअरचा भाव वाढला की आकडा लाल दिसतो, आपल्यासारखा हिरवा नाही. आणि फॉर्ममध्ये आडनाव सक्तीचं करू नकोस, ही कळकळीची विनंती. इंडोनेशियात कित्येकांचं नाव एकाच शब्दाचं असतं. त्यांना पहिल्याच पानावर अडवणं मला खरंच अन्यायाचं वाटतं. शंका आली तर तिथल्याच चार वापरकर्त्यांना दाखव.