दृष्टिभ्रम की दृष्टिभास?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत गणित शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं आहे : "विज्ञान प्रदर्शनासाठी मुलं ऑप्टिकल इल्युजनचे तक्ते करत आहेत. वर नाव काय द्यावं, दृष्टिभ्रम, दृष्टिभास की नुसतं आभास? मृगजळाचा तक्ता याच गटात लावायचा का? आणि मुलं विचारतात, यात गणित कुठं आलं?"

बाई, दृष्टिभ्रम हा शब्द रुळलेला आहे. कन्नडमध्येही दृष्टिभ्रमे असंच म्हणतात, त्यामुळे तो लिहिलात तर तुमच्याकडच्या कुठल्याही शाळेतल्या मुलाला अर्थ लागेल. तरीही रेघा आणि वर्तुळांच्या तक्त्यांसाठी मी दृष्टिभास हाच शब्द सुचवेन.

भ्रम मराठीत कसा वापरतात ते बघा. भ्रम होतो आणि पुढे फिटतो. भ्रमनिरास होतो, भ्रमाचा भोपळा फुटतो. खरं काय ते कळलं की भ्रम संपला पाहिजे, ही अपेक्षा या शब्दात मुरलेली आहे. भास या शब्दाला असं काही चिकटलेलं नाही. 'भासनिरास' असा शब्द आजवर कुणाला करावासा वाटला नाही.

आता मुलांकडून दोन सारख्या लांबीच्या रेघा काढून घ्या. एकीच्या दोन्ही टोकांना बाण काढायला सांगा, दुसरीच्या टोकांना तेच बाण उलटे, बाहेर फाकलेले. फ्रांझ म्युलर-लायर या जर्मन संशोधकाने १८८९ मध्ये ही आकृती मांडली. "बाई, ही रेघ लांब दिसालीय की!" असं पोरं म्हणतीलच. पट्टी लावून द्या. दोन्ही रेघा दहा सेंटिमीटर भरतील, मुलांना ते पटेल, आणि पट्टी उचलल्यावर दुसरी रेघ पुन्हा लांबच दिसेल. ज्ञान झालं, तरी दिसणं बदललं नाही. मग इथं फिटला तो भ्रम कोणता?

आपल्याकडच्या तत्त्वज्ञांनी हा फरक फार पूर्वी ओळखला होता. अंधारात दोरी साप वाटते. दिवा आणला की साप जातो आणि परत येत नाही. स्फटिकाशेजारी जास्वंदीचं फूल ठेवलं की स्फटिक तांबडा दिसतो. तो तांबडा नाही हे ठाऊक असूनही, फूल तिथं आहे तोवर तो तांबडाच दिसत राहतो. वेदान्तात पहिल्याला निरुपाधिक आणि दुसऱ्याला सोपाधिक भ्रम म्हणतात. फूल ही त्यातली उपाधी, म्हणजे जवळ राहून दुसऱ्या वस्तूचं दिसणं बदलणारी गोष्ट. म्युलर-लायरच्या आकृतीत बाण ही उपाधी आहे : खोडरबराने बाण पुसा, रेघा लगेच सारख्या दिसतील. प्रदर्शनात हे पुसून दाखवणं जमलं तर जरूर दाखवा.

म्हणजे शास्त्रकारांनी दोन्हींना भ्रमच म्हटलं आहे, हे खरं. पण त्यांना सोपाधिक हे विशेषण जोडावं लागलं. रोजच्या मराठीत तेवढं काम भास हा शब्द एकटा करतो. त्याच्याविरुद्ध एक मुद्दा मात्र आहे. रात्री कुणी हाक मारल्याचा भास होतो तेव्हा हाक मारणारं कुणीच नसतं. मानसशास्त्रात त्याला निर्वस्तुभ्रम असा वेगळा शब्द आहे. दृष्टिभासात वस्तू समोर असते, ती वेगळी दिसते एवढंच. आधी 'दृष्टि-' जोडल्यावर हा घोटाळा बराच कमी होतो, असं मला वाटतं.

आभास नको. प्रकाशाच्या धड्यात आरशातल्या प्रतिमेला आभासी प्रतिमा म्हणतात, मुलं त्यात अडकतील. नजरबंदी जादूगाराची. चकवा लागतो तो रानात वाट चुकणाऱ्याला, त्याचा डोळ्यांशी फारसा संबंध नाही.

तक्त्याखालच्या वाक्यात क्रियापद कोणतं वापरता याकडेही लक्ष द्या. 'दुसरी रेघ लांब वाटते' असं लिहू नका. वाटणं हे मत झालं, आणि मोजल्यावर मत बदलतं. 'दिसते' लिहा. मराठीत 'मी बघतो' आणि 'मला दिसतं' यांची घडणच निराळी आहे. बघणारा मी कर्ता असतो. दिसण्यात कर्ता समोरची वस्तू असते, आणि मी 'मला' होऊन नुसता ग्रहण करतो. कन्नडमध्येही 'ननगे काणिसुत्तदे', म्हणजे मला दिसतं, अशीच चतुर्थी येते. शेजारच्या या दोन्ही भाषांत 'रेघ वाकडी दिसते' हे वाक्य रेघ सरळ असतानाही खरं ठरतं. ज्या मुलांना दोन्ही भाषा येतात त्यांना हे एका मिनिटात समजेल.

गणिताचं उत्तर इथूनच सुरू होतं. डोळ्यात पोहोचतो तो फक्त वस्तूने डोळ्याशी केलेला कोन. वस्तूचा आकार भागिले तिचं अंतर, लहान कोनासाठी एवढंच सूत्र पुरतं (उत्तर रेडियनमध्ये येतं, अंश हवे तर ५७.३ ने गुणा). टिळकवाडीच्या रेल्वे गेटाजवळ सुरक्षित जागी उभं राहून रुळांकडे बघा. दोन रुळांमधलं अंतर सगळीकडे १.६७६ मीटर आहे. शंभर मीटरवर ते डोळ्याशी जवळपास एक अंशाचा कोन करतं, एक किलोमीटरवर त्याच्या दहाव्या हिश्शाचा. पण कोनावरून उलटं जाऊन वस्तूचा खरा आकार काढायचा म्हटलं की अडचण येते : समीकरण एक, अज्ञातं दोन, आकार आणि अंतर. असं समीकरण सुटत नाही हे तुमच्या आठवीच्या मुलांनाही माहीत आहे. मेंदू मात्र ते क्षणोक्षणी सोडवतो, कारण दुसरं समीकरण तो पदरचं घालतो : एकमेकांकडे झुकणाऱ्या रेघा बहुधा लांब जात असतात, उजेड बहुधा वरून येतो, वगैरे. हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच याला नकळत होणारं अनुमान म्हटलं. आजचे संशोधक तेच संभाव्यतेच्या भाषेत, आधीचा अंदाज आणि नवा पुरावा यांची सांगड घालणाऱ्या बेजच्या सूत्राने मांडतात. आपल्या न्यायदर्शनात प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोन वेगळी प्रमाणं, म्हणजे ज्ञान मिळवण्याची साधनं. हेल्महोल्ट्झचं म्हणणं असं, की प्रत्यक्षाच्या पोटातच अनुमान दडलेलं आहे. मला हा विचार या सगळ्या विषयात सर्वांत मोलाचा वाटतो.

पदरचं समीकरण बहुतेक वेळा बरोबर निघतं. कागदावरच्या रेघांना लागू नसताना ते लावलं गेलं, की दृष्टिभास होतो.

याचा उत्तम प्रयोग म्हणजे पौर्णिमेचा चंद्र. येळ्ळूरच्या भाताच्या शिवारावर उगवताना तो केवढा थोरला दिसतो, आणि मध्यरात्री डोक्यावर आला की लहान. चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर, सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर. भागाकार करून अंशांत मांडला की कोन येतो सुमारे अर्धा अंश. दहा रुपयांच्या नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर आहे. ते तीन मीटर लांब काठीच्या टोकाला चिकटवा, दुसरं टोक डोळ्याजवळ धरून काठी चंद्राकडे रोखा, एक डोळा मिटा : चंद्र नाण्याआड जेमतेम मावतो. उगवताना करा, मध्यरात्री पुन्हा करा, अंतर तेच लागतं. बारकाईने बघितलं तर उगवता चंद्र आपल्यापासून पृथ्वीच्या त्रिज्येएवढा, म्हणजे सुमारे ६,४०० किलोमीटर जास्त लांब असतो, म्हणून त्याचा कोन दीड-पावणेदोन टक्क्यांनी लहानच भरायला हवा. कोन लहान आणि दिसणं मोठं! एमिल एमर्ट या स्विस नेत्रतज्ज्ञांनी १८८१ मध्ये नियम मांडला की डोळ्यातला कोन तोच असेल, तर वस्तू जितकी दूर मानली जाईल तितकी मोठी दिसते. क्षितिज आपल्याला माथ्यावरच्या आकाशापेक्षा दूर भासतं, हे चंद्राच्या बाबतीत दिलं जाणारं एक स्पष्टीकरण. त्यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही, तेव्हा तक्त्यावर 'एक स्पष्टीकरण' असंच लिहावं.

मृगजळाचा तक्ता वेगळा लावा. निपाणी ते संकेश्वर हायवेवर एप्रिलच्या दुपारी पुढं पाण्याचं तळं दिसतं, त्याचा फोटो काढला तर तळं फोटोतही येतं. कॅमेऱ्याला मेंदू नाही, म्हणजे हा प्रकार प्रकाशाचा आहे. डांबरालगतची हवा तापून विरळ होते, आकाशाकडून खाली येणारा किरण तिच्यात वाकून पुन्हा वर वळतो आणि रस्त्यावर आकाश दिसतं. वरच्या आणि खालच्या हवेच्या तापमानात वीस अंश सेल्सिअसचा फरक धरला, तर किरण आणि रस्ता यांच्यातला कोन साधारण एक तृतीयांश अंशापेक्षा कमी असावा लागतो. गाडीत बसलेल्याचा डोळा रस्त्यापासून १.२ मीटरवर असेल तर तळं सुमारे दोनशे मीटर पुढं सुरू होतं. गाडी पुढं गेली तरी कोन तोच, म्हणून तळंही तेवढंच पुढं सरकतं. आकाशाचं तिथं दिसणं खरं आहे. ते पाणी आहे, हा निष्कर्ष तेवढा आपला. त्या निष्कर्षाला मात्र भ्रम हा शब्द चोख बसतो. हरीण धावतं आणि शेवटी त्याला कळतं. कन्नडमध्ये मृगजळाला बिसिलुगुदुरे म्हणतात. बिसिलु म्हणजे ऊन, कुदुरे म्हणजे घोडा. तक्त्यावर दोन्ही शब्द शेजारी लिहा, फार सुंदर जोडी आहे.

आणखी एक तक्ता सुचवतो, तो तुमच्या जिल्ह्यातच जिवंत बघता येतो. पावसाळ्यात सहल गोकाकच्या धबधब्यावर नेलीत तर मुलांना पडणाऱ्या पाण्यातल्या एकाच जागी मिनिटभर नजर रोखायला सांगा, मग चटकन बाजूच्या कड्याकडे. कडा वर सरकताना दिसतो, आणि तरी जागेवरच असतो. रॉबर्ट ॲडम्स यांनी १८३४ मध्ये स्कॉटलंडमधल्या फॉयर्सच्या धबधब्यावर हे पाहून लिहून ठेवलं. घटप्रभा इथं सुमारे ५२ मीटर खाली कोसळते, तेव्हा प्रयोगाला पाणी कमी पडणार नाही. गणित वजाबाकीचं आहे. मेंदूत वर जाणाऱ्या हालचालीला प्रतिसाद देणाऱ्या पेशी वेगळ्या, खाली जाणाऱ्या हालचालीला देणाऱ्या वेगळ्या. समजा स्थिर दगड बघताना दोन्हींचा जोर १० आहे. वजाबाकी शून्य, दगड स्थिर. मिनिटभर पाणी बघून खालच्या दिशेच्या पेशी मंदावल्या आणि त्यांचा जोर ६ वर आला, तर १० वजा ६, म्हणजे ४ उरतात वरच्या दिशेचे. आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत, रीत खरी आहे. याला धबधब्याचा भास म्हणा. 'धबधब्याचा भ्रम' तुमच्या मुलांच्या तोंडीही बसणार नाही.

शीर्षक लिहिताना तेवढं ऱ्हस्व-दीर्घ सांभाळा. दृष्टी एकटी असताना दीर्घ, समासात पहिली आली की ऱ्हस्व : दृष्टिभास, दृष्टिभ्रम, दृष्टिकोन. 'दृष्टीभ्रम' असं मोठ्या अक्षरात रंगवलेलं पुष्कळदा बघायला मिळतं, आणि मुलं ते तसंच उचलतात.