एचआयव्ही असताना हिमोफिलियाच्या इनहिबिटरसाठी आयटीआय करता येते का?

तुम्ही विचारलंय की मामांना सिव्हिअर हिमोफिलिया ए आहे, एचआयव्हीची एआरटी, म्हणजे विषाणू दाबून ठेवणारी औषधं, चालूय, आता इनहिबिटर, म्हणजे दिलेला फॅक्टर निकामी करणारी अँटिबॉडी, निघालाय आणि डॉक्टर आयटीआय (इम्यून टॉलरन्स इंडक्शन) म्हणतायत, तर झेपेल का. मी हिमोफिलियाच्या डे केअरला सिस्टर आहे, रोज जे बघते त्यावरून सांगते. फक्त एचआयव्ही आहे म्हणून आयटीआय नाहीच, असं काही नसतं.

आयटीआयमध्ये शरीर ज्या फॅक्टर आठला, म्हणजे हिमोफिलिया ए मध्ये कमी असलेल्या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाला, परकं समजून अँटिबॉडी बनवतंय तोच फॅक्टर सतत देत राहायचा, महिनोन्‌महिने, कधी दोन वर्षंसुद्धा, म्हणजे शरीर हळूहळू त्याला विरोध करायचं सोडतं. २०१२ मध्ये छापून आलेल्या आंतरराष्ट्रीय स्टडीत लहान मुलांना किलोमागे रोज २०० युनिट किंवा आठवड्यातून तीनदा ५० युनिट दिले होते, यश दोन्हीकडे जवळपास सारखंच, पण कमी डोसवाल्यांना ब्लीडिंग जास्त झालं. मामांचं वजन ६० किलो धरलं तर मोठा डोस रोज १२,००० युनिट होतो, म्हणजे हजारच्या बारा बाटल्या, प्रत्येक हलक्या हाताने फिरवून विरघळवायची आणि सगळं शिरेतून.

मला काळजी वाटते ती शिरेचीच. वर्षानुवर्षं टोचून शिरा कडक झालेल्या असतात, मग पोर्ट, म्हणजे मोठ्या शिरेला जोडलेली छोटी डबी, कातडीखाली बसवतात, आणि सीडी४, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, कमी असेल तर पोर्टच्या इन्फेक्शनचा धोका वाढतो, असं इन्फेक्शन झालं की पोर्ट फ्लश केल्यावर (आतून द्रव सोडून साफ केल्यावर) तासाभरात हुडहुडी भरून ताप येतो. म्हणून आधी सीडी४ आणि व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती आहे ते) बघा. आयटीआयला सायक्लोफॉस्फामाइड किंवा रिटुक्सिमॅब जोडायचं म्हणाले तर एआरटीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हो म्हणू नका, ती औषधं प्रतिकारशक्ती आणखी खाली आणतात. गोळ्यांत रिटोनाविर आहे का तेही बघा, त्या गटाच्या औषधांनी हिमोफिलियात ब्लीडिंग वाढतं हे १९९६ पासून माहितीये. पण गोळ्या स्वतःहून बंद करू नका प्लीज.

मोठ्या वयात, जुन्या इनहिबिटरला यश कमी मिळतं. सुरुवातीला टायटर, म्हणजे रक्तातलं इनहिबिटरचं प्रमाण, १० बेथेस्डा युनिटच्या खाली असलेलं बरं. नाहीतर एमिसिझुमॅबबद्दल विचारा, ते ब्लीडिंग टाळायचं इंजेक्शन आहे, कातडीखाली देतात, इनहिबिटर असला तरी चालतं आणि पोर्टही लागत नाही. फक्त त्यासोबत फेइबा, म्हणजे इनहिबिटर असताना ब्लीडिंग थांबवायला देतात ते औषध, दिलं तर गुठळ्या होऊ शकतात, हे घरात सगळ्यांना माहीत हवं, कारण रात्री कॅज्युअल्टीला नेल्यावर तिथल्या डॉक्टरला हे सांगणारं कुणीतरी सोबत लागतं.

आणि एक, आमच्याकडे बरेच जण एआरटीचं बुक पिशवीत तळाशी ठेवतात आणि टेबलावर फक्त हिमोफिलियाची फाईल काढतात. मामांना सांगा, दोन्ही एकदम काढून ठेवायचं.