एडीएचडी (लक्ष टिकवणं, स्वतःला आवरणं अवघड जातं ती मेंदूची अवस्था) असलेल्यांना बारीकसारीक आवाजांचा एवढा त्रास का होतो?

सगळ्यांना नाही, पण बऱ्याच जणांना होतो. कान तिखट असतात असं काही नाही, ऐकण्याची टेस्ट बहुतेक वेळा नॉर्मलच येते, मेंदूला कुठला आवाज सोडून द्यायचा ते जमत नाही. डीएसएम-५ मध्ये (मानसिक आजारांचं निदान करायला डॉक्टर वापरतात ते पुस्तक) आवाजाचा त्रास असं वेगळं लक्षण नाहीये, पण बाहेरच्या गोष्टींनी पटकन लक्ष उडणं मात्र आहे. माझं म्हणाल तर एकवेळ मिक्सर चालेल पण शेजारी कोणी पेनचं बटण टकटक करत बसलं की तीच ओळ चार वेळा वाचतो आणि तरी डोक्यात काही शिरत नाही.

फक्त मचमच खाण्याच्या वगैरे आवाजानेच डोक्यात तिडीक जात असेल तर त्याला मिसोफोनिया म्हणतात, तो एडीएचडी नसतानाही असतो. सगळेच आवाज मोठे वाटून कान दुखत असतील तर हायपरअ‍ॅक्युसिस असू शकतो, मग आधी ईएनटीला दाखवा.

बाकी पंख्याची घरघर किंवा ब्राऊन नॉइज (धबधब्यासारखा खोल, सलग आवाज) लावून बघा, काहींना खरंच फरक पडतो. इअरप्लग ट्रेनमध्ये, गणपतीच्या डीजेत जरूर घाला पण दिवसभर नको, शांततेची सवय लागली की साधी कुकरची शिट्टीसुद्धा असह्य होते. आणि घरचे नाटकं म्हणत असतील तर त्यांना डॉक्टरकडे सोबत न्या, आपलं कोण ऐकतंय!