उचल खाली येत नाही, म्हणून गृहकर्ज अडते

प्रश्न : रबाळे एमआयडीसीत माझे एकल मालकीचे छोटे मशीन शॉप आहे. बँकेकडून मला १५ लाख रुपयांची ओव्हरड्राफ्ट मर्यादा, म्हणजे खात्यातील शिलकीपेक्षा तेवढे पैसे अधिक काढण्याची मुभा, मिळालेली असून व्याजदर १२ टक्के आहे. तीन वर्षांपूर्वी ८ लाखांचे वापरलेले सीएनसी लेथ (संगणकाच्या नियंत्रणाखाली चालणारे कातकामाचे यंत्र) घेतले, तेव्हा वेगळे कर्ज न काढता याच खात्यातून पैसे दिले. माझे मोठे ग्राहक बिलाचे पैसे तीन-तीन महिन्यांनी देतात, त्यामुळे गेल्या वर्षभरात उचल, म्हणजे मर्यादेतून वापरलेली रक्कम, १३ लाखांच्या खाली आलेली नाही. व्याज मात्र एकदाही थकवलेले नाही. घणसोलीत घर घेण्यासाठी दुसऱ्या एका बँकेत अर्ज केला, तर ‘ओडी (ओव्हरड्राफ्ट) कायम मर्यादेच्या टोकाशी भरलेला आहे’ असे सांगून तो नाकारण्यात आला. काहीही थकलेले नसताना नकार का मिळावा?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : आपण व्याज थकवलेले नाही, ही आपली मोठी जमेची बाजू आहे. परंतु ओव्हरड्राफ्टला मासिक हप्ता नसतो, आणि म्हणून कर्जदार मुद्दल फेडू शकतो की नाही हे बँकेला खात्याच्या चढउतारावरूनच ओळखावे लागते. ज्या खात्यात बिलांचे पैसे येताच उचल ४ लाखांवर उतरते आणि कच्चा माल घेताना पुन्हा १२ लाखांवर जाते, ते खाते ‘फिरते’ आहे असे बँकेतील लोक म्हणतात. आपले खाते फिरत नाही. १३ लाख रुपये तेथे वर्षभर बसून आहेत, आणि व्याज भरले जात असले तरी मुद्दल फेडण्याची ताकद त्या खातेउताऱ्यात कोठेही दिसत नाही.

ओव्हरड्राफ्टची सोय मुळात कशासाठी निघाली, हे येथे आठवावेसे वाटते. १७२८ साली एडिनबरो येथील रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने विल्यम हॉग या व्यापाऱ्याला त्याच्या खात्यातील शिलकीपेक्षा १,००० पौंड अधिक काढण्याची मुभा दिली, कारण त्याला येणे असलेले पैसे आणि द्यावयाचे पैसे यांच्या तारखा जुळत नव्हत्या. तारखांमधले अंतर भरून काढणे, एवढेच या सोयीचे काम आहे. आपण तिच्यातून दहा-पंधरा वर्षे चालणारे यंत्र घेतले, आणि माझ्या मते आपल्या अडचणीचे मूळ तेथेच आहे. ग्राहकांची दिरंगाई त्यावर नंतर येऊन पडली.

गृहकर्ज देणारी बँक आपल्या अर्जाकडे कसे पाहते, तेही समजून घ्यावे. एकल मालकीत मालक आणि व्यवसाय कायद्याने वेगळे नसतात, त्यामुळे ओव्हरड्राफ्ट हे आपलेच वैयक्तिक देणे ठरते. त्याचे वर्षाचे दीड लाखाहून अधिक व्याज नफ्यातून वजा होते, म्हणजे प्राप्तिकर विवरणपत्रात दिसणारे उत्पन्न तेवढे घटते, आणि हप्ता झेपण्याची क्षमता त्याच उत्पन्नावरून मोजली जाते. शिवाय मर्यादेच्या टोकाशी असलेल्या खात्यात सवड उरत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार उचल सलग ९० दिवस मर्यादेच्या वर राहिली, किंवा मर्यादेच्या आत असूनही ९० दिवसांत खात्यात काहीच जमा झाले नाही, किंवा जमा रक्कम त्या काळातील व्याजालाही पुरली नाही, तर खाते अनुत्पादक, म्हणजे बुडीत होऊ शकणारे (एनपीए), ठरते. मर्यादेबाहेर ३० दिवस उलटले की बँक ते विशेष निगराणीखाली घेते. उचल १४ लाख ९० हजार असताना महिनाअखेरीस व्याज नावे पडले आणि त्याच आठवड्यात ग्राहकाने पैसे लांबवले, तर आपण मर्यादेबाहेर जाल. नवी बँक या शक्यतेला घाबरते, आणि ती भीती अनाठायी आहे असे मला म्हणवत नाही.

यावर उपाय आहे. आपल्या बँकेत जाऊन यंत्रात अडकलेले ८ लाख रुपये मुदत कर्जात, म्हणजे ठरलेल्या काळात मासिक हप्त्यांनी फेडायच्या कर्जात, वळते करून मागावेत आणि ओव्हरड्राफ्टची मर्यादा तेवढीच कमी करून ७ लाखांवर आणावी. १२ टक्के दराने पाच वर्षांसाठी हप्ता सुमारे १७,८०० रुपये येतो आणि एकूण व्याज सुमारे २ लाख ६८ हजार होते. हेच ८ लाख ओव्हरड्राफ्टमध्ये तसेच ठेवले, तर पाच वर्षांत ४ लाख ८० हजार रुपये व्याज जाते आणि ८ लाखांचे देणे जागच्या जागी राहते. हा नवा हप्ताही गृहकर्जाच्या हिशेबात धरला जाईल, त्यामुळे आरंभी मिळणारी रक्कम अपेक्षेपेक्षा कमी असू शकते. तरीही दर महिन्याला घटणारे कर्ज बँकेला पटते. मात्र ही मागणी खाते नियमित असतानाच करावी. कर्जदार अडचणीत आल्यावर दिलेली सवलत पुनर्रचना मानली जाते आणि तिची नोंद पुढे त्रास देते.

ग्राहकांच्या दिरंगाईबाबत आपल्या हाती कायदा आहे. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) नसेल तर आधी ती करावी. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या ‘बँक दरा’च्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. या मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला आता त्या खर्चाची प्राप्तिकरातील वजावटही पैसे प्रत्यक्ष दिल्यावरच मिळते, आणि त्याच्या लेखापालाला हे चांगले ठाऊक असते. काम हातचे जाईल या भीतीने तक्रार करण्यास मन धजत नाही, हे मी जाणतो. म्हणून निदान प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक आणि देय दिनांक छापावा. मोठी कंपनी ट्रेड्स या, लहान उद्योगांची बिले ऑनलाइन वटवून देणाऱ्या व्यवस्थेत असेल, तर तिने मान्य केलेले बिल तेथे वटवून काही दिवसांत पैसे मिळू शकतात.

हे सारे मार्गी लागल्यावर सहा ते बारा महिन्यांचा खातेउतारा फिरता दिसू द्यावा आणि मगच पुन्हा अर्ज करावा. दरम्यान पाच बँकांत अर्ज टाकत फिरू नये, कारण प्रत्येक चौकशी पतअहवालात उमटते. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून (उदाहरणार्थ सिबिल) वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. त्यातील चूक कळवल्यावर ३० दिवसांत निवारण झाले नाही, तर दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे.

प्रश्न : माझ्या पगार खात्यावर ८०,००० रुपयांचा ओव्हरड्राफ्ट १६ टक्क्यांनी घेतलेला आहे. पगार आला की त्याची परतफेड होते आणि वीस तारखेपर्यंत ती मर्यादा पुन्हा पूर्ण वापरली जाते. माझी १ लाखाची मुदत ठेव ७ टक्क्यांनी आहे. ती मोडावी का?
— एक वाचक, कासारवडवली, ठाणे

उत्तर : मोडावी. मुदतीपूर्वी मोडल्याबद्दल व्याजात थोडी कपात होईल, तरीही ७ टक्के मिळवण्यासाठी १६ टक्के देणे परवडत नाही. ठेवीच्या रकमेतून ओव्हरड्राफ्ट पूर्ण फेडून ती सोय बँकेला लेखी कळवून बंद करावी, अन्यथा रिकामी झालेली मर्यादा दोन महिन्यांत पुन्हा भरते.