सुट्टी संपत आली: घरातल्या लेकींविषयी वाचकांचे प्रश्न

शाळा उघडायला थोडे दिवस उरले की पत्रांचे विषय बदलतात. या वेळी निवडलेली सहाही पत्रं लहान मुलींच्या घरांतून आलेली आहेत. तेवढ्या दिवसांत सगळं करता येणार नाही, म्हणून जे आत्ताच करायला हवं त्याला जास्त जागा दिली आहे.

प्रश्न: माझी थोरली ८ वर्षांची, धाकटी ५ वर्षांची. सुट्टीत दोघी रात्री साडेअकराला झोपतात आणि सकाळी साडेनऊला उठतात. शाळेसाठी साडेसहाला उठावं लागेल. मध्ये १२ दिवस आहेत. रात्री नऊलाच दिवे घालवून पाहिले, तर अंधारात तासभर खिदळत बसतात. काय करू?

उत्तर: झोपवण्याची वेळ सध्या सोडून द्या आणि उठवण्याची वेळ धरा. मुलांना जबरदस्तीने झोपवता येत नाही, उठवता मात्र येतं. लवकर उठलेलं मूल रात्री आपोआप लवकर पेंगतं. उलट, झोप आलेली नसताना अंथरुणात पाठवलं की अंथरूण ही गप्पांची जागा होऊन बसते, आणि ती सवय मोडायला वेगळा खटाटोप लागतो.

हिशेब सोपा आहे. साडेनऊ ते साडेसहा म्हणजे १८० मिनिटं. रोज १५ मिनिटं अलीकडे आणलं तर बरोबर १२ दिवस लागतात, पण मग एकही दिवस हाताशी राहत नाही. रोज २० मिनिटं धरा. ९ दिवसांत काम होतं आणि आजारपण किंवा पाहुणे यांच्यासाठी ३ दिवस शिल्लक राहतात. एखाद्या दिवशी उठवणं चुकलं तर दुसऱ्या दिवशी ४० मिनिटांची उडी मारू नका. जिथे थांबलात तिथूनच २० मिनिटं पुढे चला.

उठल्यापासून अर्ध्या तासात पडदे उघडा आणि दोघींना २०-३० मिनिटं बाहेरच्या उजेडात न्या. शरीरातलं घड्याळ आपणहून उशिराकडेच सरकतं. त्याला अलीकडे खेचायला सकाळचा उजेड लागतो. घरातला दिवा त्याला पुरत नाही. संध्याकाळी याच्या उलट करायचं. झोपेच्या आधी तासभर मोबाइल आणि टीव्ही बंद, मोठे दिवे बंद.

३ ते ५ वर्षांच्या मुलांना २४ तासांत १० ते १३ तास झोप लागते आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास. म्हणजे साडेसहाला उठायचं तर धाकटी आठ-सव्वाआठला आणि थोरली पावणेनऊ-नऊला झोपलेली हवी. दोघी एका खोलीत असतील तर त्यांना एकदम आत पाठवू नका. धाकटीला आधी झोपू द्या, तोवर थोरलीने दुसऱ्या खोलीत पुस्तक वाचावं. खिदळणं निम्मं तिथेच संपतं, आणि मोठेपणाचा हा अर्धा-पाऊण तास थोरलीलाही आवडतो.

धाकटी दुपारी झोपत असेल तर ती झोप तीनच्या आत आणि अर्ध्या तासात आटपा. सगळी मेहनत वाया जाते ती रविवारी. 'आजचा दिवस झोपू दे' म्हणून दोन तास जास्त झोपू दिलं की घड्याळ पुन्हा मागे जातं. सुट्टीच्या दिवशीही अर्ध्या तासापेक्षा जास्त सूट नको. झोपेचं कोणतंही औषध स्वतःच्या मनाने देऊ नका.

प्रश्न: सुट्टीत सगळी भावंडं एकत्र झोपली आणि आता थोरलीच्या डोक्यात उवा झाल्या आहेत. धाकटीच्या डोक्यात वरवर काही दिसत नाही. तिलाही औषध लावू का? थोरलीचे लांब केस कापावे लागतील का?

उत्तर: केस कापू नका. ऊ टाळूजवळ राहते, त्यामुळे केस खांद्यापर्यंत आणून तिचं काही बिघडत नाही. मुलगी तेवढी हिरमुसते.

'वरवर दिसत नाही' याला अर्थ नाही, कारण कोरड्या केसांत ऊ उजेडापासून भराभर पळते. केस ओले करा, भरपूर कंडिशनर चोपडा, साध्या कंगव्याने गुंता काढा आणि मग बारीक दातांच्या फणीने टाळूपासून टोकापर्यंत एकेक बट विंचरा. प्रत्येक वेळी फणी पांढऱ्या कागदावर पुसा. कंडिशनरमुळे ऊ सुस्तावते आणि फणीत अडकते. अशी तपासणी एकाच संध्याकाळी घरातल्या सगळ्यांची करा, मोठ्यांचीही. जिवंत ऊ सापडेल त्यालाच औषध. धाकटीच्या डोक्यात काही निघालं नाही तर खबरदारी म्हणून औषध लावायची गरज नाही.

लिखांवरून घाबरण्याआधी त्या टाळूपासून किती दूर आहेत ते बघा. केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो. टाळूपासून ६ मिलिमीटरच्या आतली लीख जिवंत असू शकते. त्याहून लांब असलेली बहुतेक रिकामी टरफलंच असतात. कोंडा आहे की लीख, हे बोटाने सरकवून कळतं. कोंडा सरकतो, लीख केसाला घट्ट चिकटलेली असते.

१ टक्का परमेथ्रिनचं लोशन वापरणार असाल तर आधी साध्या शाम्पूने केस धुवा आणि टॉवेलने टिपून ओलसर ठेवा. कंडिशनर त्या दिवशी मुळीच नको. केसावर त्याचा थर बसला की औषध पोचत नाही, आणि 'औषध लावूनही उवा गेल्या नाहीत' या तक्रारीचं हे एक नेहमीचं कारण आहे. लोशन १० मिनिटं ठेवून धुवा आणि पुढचे एक-दोन दिवस शाम्पू टाळा. नवव्या दिवशी पुन्हा लावा. पहिल्या वेळी सगळ्या लिखा मरत नाहीत. उरलेल्या साधारण ७ ते १० दिवसांत फुटतात आणि त्या पिल्लांनी अंडी घालण्याआधी त्यांना गाठायचं असतं. दुसरा हात चुकवला की महिनाभरात पहिले पाढे पंचावन्न.

औषध नको असेल तर कंडिशनर लावून विंचरण्याचाच कार्यक्रम पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी करा आणि सतराव्या दिवशी तपासा. लांब दाट केसांना दर वेळी अर्धा तास तरी लागतो. हे काम घाईघाईत उरकायचं असेल तर सुरूच करू नका.

घर धुऊन काढायचीही गरज नाही. डोक्यावरून खाली पडलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते. उशीचे अभ्रे, टॉवेल आणि शेवटच्या दोन दिवसांतले कपडे गरम पाण्यात धुवा. फणी-कंगवे ६० अंशांच्या पाण्यात १० मिनिटं ठेवा. एवढं पुरतं. रॉकेल किंवा जनावरांसाठीचं औषध डोक्याला लावणं धोक्याचं आहे. उवा गेल्यावरही दोन आठवडे खाज राहू शकते, म्हणून खाजेवरून पुन्हा औषध लावू नका, फणीने खात्री करा. आणि ज्या भावंडांबरोबर झोपली त्यांच्या घरी आजच फोन करा. संकोचाने गप्प राहिलात तर पुढच्या भेटीत उवा परत येतील.

प्रश्न: मोठ्या नातीचे शाळेचे बूट चांगल्या स्थितीत आहेत. ते धाकटीला चालतील का? आणि गणवेशाचा फ्रॉक किती वाढता शिवावा? (एक आजी)

उत्तर: बूट टेबलावर ठेवून मागून बघा. टाच एका बाजूला झिजली असेल किंवा बूट कलतो असं वाटलं, तर तो मोठीच्या चालीने घडलेला आहे, धाकटीला देऊ नका. सरळ उभा राहत असेल तर आतला तळवा बाहेर काढा आणि त्यावर नातीला मोजे घालून उभं करा. टाच मागच्या कडेला टेकवल्यावर सर्वांत लांब बोटापुढे १० ते १२ मिलिमीटर जागा हवी. हे सर्वांत लांब बोट दर वेळी अंगठाच असतं असं नाही. 'लागतंय का गं?' असं विचारून भागत नाही. या वयात पाय इतके मऊ असतात की आखूड बुटातही बोटं मुडपून बसतात आणि मूल हो म्हणून मोकळं होतं.

नवे घ्यायचे झाले तर माप संध्याकाळी, उभं करून, दोन्ही पायांचं घ्या आणि मोठ्या पायाचं धरा. लहान मुलांचा पाय महिन्याला अंदाजे मिलिमीटरभर वाढतो, म्हणून सुट्टीच्या सुरुवातीला घेतलेले बूट शेवटी तंग निघतात. दर ३-४ महिन्यांनी माप पाहत जा. दोन नंबर मोठे घेऊन पुढे कापूस कोंबणं मात्र नको, पाय पुढे घसरून टाचेला फोड येतात.

फ्रॉकचं कापड सुती असेल तर बेतण्याआधी भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यातच आटतं. ५ ते १० वर्षांची मुलगी वर्षाला साधारण ५-६ सेंटिमीटर उंच होते, त्यामुळे खाली ६ सेंटिमीटरची दुमड पुरे. खांद्यात आणि छातीत फार ढिला ठेवू नका. खांदा घसरायला लागला की मुलगी दिवसभर तोच सावरत बसते. दुमड हाताने तुरपून घ्या, कारण मशीनची टीप उसवल्यावर भोकांची ओळ दिसत राहते. उसवल्यावर घडीची रेघ जात नसेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवा, आधी आतल्या शिवणीवर रंग जातो का ते पाहून. रेघ रंग उडाल्याची असेल तर ती जाणार नाही. तिथे एक फीत लावून टाका.

प्रश्न: माझी ७ वर्षांची मुलगी शाळेत दिवसभर शू दाबून धरते आणि घरी येताच धावत सुटते. गेल्या वर्षी दोनदा लघवीचा संसर्ग झाला. या वर्षी काय वेगळं करू? (एक बाबा)

उत्तर: मुलींचा मूत्रमार्ग आखूड असतो, त्यामुळे जंतू लवकर आत पोचतात, आणि लघवी तासन्‌तास साचून राहिली की त्यांना वाढायला वेळ मिळतो. या वयात मूत्राशयात २५०-२७० मिलिलिटर मावतं. सहा-सात तासांची शाळा त्यावर निभावायची तर मुलगी पाणीच कमी पिते, आणि त्याने दुखणं वाढतं.

सुट्टी आहे तोवर दर अडीच तासांनी जायचं, लागली असो वा नसो, ही सवय लावा. 'शू लागली का?' असं विचारू नका, उत्तर 'नाही'च येतं. 'चल, शू करून ये' म्हणा. बसण्याची पद्धतही तपासा. कमोडवर पाय लोंबकळत असतील तर पायाखाली स्टूल द्या. चड्डी घोट्यापर्यंत खाली, गुडघे मोकळे, थोडं पुढे वाकून निवांत बसणं. घाण वाटते म्हणून मुली अधांतरी बसतात. मग स्नायू आवळलेले राहतात आणि थोडी लघवी आतच उरते. शू थांबल्यावर १० आकडे मोजून पुन्हा प्रयत्न करायला सांगा. पुसायचं किंवा धुवायचं ते पुढून मागे.

मग शाळेची तालीम. गणवेश, पट्टा, बूट सगळं घालून तिला एकटीला जायला लावा. हूक निघत नाही, पट्टा सुटत नाही, कडी उंच आहे, अशा कारणांनीही मुली जात नाहीत आणि सांगतही नाहीत. पट्ट्याऐवजी इलॅस्टिक चालत असेल तर तेच लावा. शक्य असेल तर शाळा उघडण्याआधी तिला तिथलं स्वच्छतागृह दाखवून आणा. बाईंकडे 'तिने विचारलं तर सोडा' अशी विनंती करू नका. वर्गासमोर हात वर करणं हीच तर अडचण असते. मधल्या सुट्टीत आणि आणखी एकदा, अशा दोन ठरलेल्या वेळा मागून घ्या.

पाणी, दूध धरून दिवसाला सव्वा लिटरच्या आसपास पेयं पोटात जाऊ द्यात, त्यातलं बरंचसं दुपारपर्यंत. बद्धकोष्ठ आहे का तेही पाहा. भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं आणि वारंवार होणाऱ्या संसर्गामागे ते पुष्कळदा निघतं. पोहून आल्यावर ओल्या पोशाखात तासभर खेळू देऊ नका. दोनदा संसर्ग झालेला आहे, तेव्हा शाळेआधी एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवाच. जळजळ, पोटात किंवा कुशीत दुखणं, उलटी, ताप, किंवा बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं तर त्याच दिवशी जा, आणि औषधाचा पहिला डोस द्यायच्या आधी लघवीचा नमुना घेऊन ठेवायला सांगा.

प्रश्न: पाण्याची बाटली रोज धुऊनही वास येतो.

उत्तर: वास झाकणातल्या रबरी रिंगखाली असतो. चमच्याच्या दांड्याने रिंग उचकटून काढा. रिंग, झाकण आणि स्ट्रॉ अर्धा तास कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून ठेवा, मग बारीक ब्रशने घासा. रात्रभर सगळं सुटं वाळू द्या. ओली बाटली झाकण लावून ठेवली की दोन दिवसांत पुन्हा तेच. रिंगवरचे काळे ठिपके घासून जात नसतील तर रिंगच बदला.

प्रश्न: धाकटी साडेतीन वर्षांची, पहिल्यांदाच शाळेत जाणार. थोरली त्याच शाळेत तिसरीत आहे, म्हणून निश्चिंत आहोत. तरी रडारड टाळण्यासाठी काही?

उत्तर: पहिले काही दिवस रडू येणारच. ते लांबू नये एवढं पाहायचं. दारात निरोप एका मिनिटात संपवा: एक मिठी, एक ठरलेलं वाक्य आणि निघणं. तिचं लक्ष नसताना हळूच सटकू नका. तसं झालं की दुसऱ्या दिवसापासून ती तुमच्यावरची नजरच काढत नाही. 'साडेबाराला येईन' हे तिला कळत नाही. 'गोष्ट सांगून झाली, हात धुतले, की बाबा दारात' हे कळतं, त्यासाठी शाळेचा रोजचा क्रम आधी विचारून घ्या. सांगितल्यापेक्षा पाच मिनिटं आधी पोचा. रडू थांबेना म्हणून पुन्हा वर्गात डोकावलात, तर रडल्यावर आई परत येते एवढंच ती शिकते. सोडायला जाताना जो कमी हळवा होतो त्याने जावं.

थोरलीबद्दल मात्र निश्चिंत राहू नका. 'बहिणीकडे लक्ष ठेव' म्हणून सोडलं की बाई धाकटी रडताच तिला वर्गातून बोलावून घेतात. तिचा अभ्यास बुडतो, आणि धाकटी बाईंना सोडून ताईलाच धरून बसते. शाळेला पहिल्याच दिवशी सांगा की ताईला बोलवायचं नाही. थोरलीला एकच काम द्या, सकाळी फाटकापासून वर्गापर्यंत धाकटीचा हात धरून चालणं. शाळा सुटल्यावर दोघींना एकाच वेळी 'काय झालं आज?' विचारू नका; धाकटीच्या गोंधळात थोरलीचं बोलणं राहून जातं. थोरलीसाठी रात्रीचा एक वेगळा अर्धा तास ठेवा, धाकटी झोपल्यानंतरचा.